ॲरिझोनात खाजगी शाळेच्या शिष्यवृत्तीला देणगी आणि टॅक्स क्रेडिट: घ्यावं का?

ओकोटिलो_सातारकर

नमस्कार मंडळी. फीनिक्स परिसरातल्या, विशेषतः चँडलर-गिल्बर्टकडच्या पालकांना विचारायचं आहे. आम्ही नोकरीतल्या बदलीमुळे ऑरेगनातून इथे आलो. तिकडे हा प्रकार नव्हता, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

मुलगी किंडरगार्टनला आहे, खाजगी मॉन्टेसरीत. फी महिन्याला १,२०० डॉलरच्या घरात. डिसेंबरात शाळेकडून पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की अमुक एका 'एसटीओ'ला, म्हणजे स्कूल ट्युइशन ऑर्गनायझेशनला देणगी द्या. जेवढी द्याल तेवढी रक्कम राज्याच्या आयकरातून पूर्ण कमी होते, आणि त्या पैशातून खाजगी शाळेतल्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. देताना एखाद्या मुलाचं नाव सुचवायचीही सोय आहे.

ऑफिसातल्या एकाचा मुलगा त्याच शाळेत आहे. तो म्हणाला, "तू माझ्या मुलाचं नाव घाल, मी तुझ्या मुलीचं घालतो. दोघांची दोन-दोन महिन्यांची फी सुटेल." मी हो म्हणायच्या बेतात होतो. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, आपण दोघं कमावतो, आपल्या मुलीला शिष्यवृत्ती कशाबद्दल? आणि राज्याचा कर जर असा परस्पर वळत असेल, तर समोरच्या सरकारी शाळेचं काय?

मला यात साताऱ्याची आठवण येते. बहिणीने भाच्यासाठी आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत राखून ठेवलेल्या २५ टक्के जागांसाठीचा अर्ज भरला होता. उत्पन्नाचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा, मग सोडत. त्यात २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेने त्या २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. तोवर सगळे पालक टांगणीला. तिथे निदान कोणाला मिळावं याचा नियम सगळ्यांना दिसतो. इथे तो कोण ठरवतं, हेच मला कळलेलं नाही.

तर अदलाबदल कायदेशीर आहे का, आणि देणगी द्यावी का? जाणकारांनी कृपया सांगावं. सहकाऱ्याला या आठवड्यात उत्तर द्यायचं आहे.

हिशेबनीस

आधी अदलाबदलीचं. करू नका. ॲरिझोनाचा कायदा यावर अगदी स्पष्ट आहे. स्वतःवर अवलंबून असलेल्या मुलासाठी देणगी राखून ठेवता येत नाही. आणि 'तू माझ्या मुलाला दे, मी तुझ्या मुलाला देतो' असं ठरवून दिली, तर त्या देणगीवर क्रेडिट मागता येत नाही. ही सूचना प्रत्येक एसटीओने आपल्या वेबसाइटवर आणि अर्जांवर छापावी असंही कायद्यातच आहे. तुमच्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत असेल, बघा.

हा नियम उगाच आलेला नाही. २००९ साली आपल्याच भागातल्या 'ईस्ट व्हॅली ट्रिब्यून' या वृत्तपत्राने या योजनेवर मोठी शोधमालिका छापली होती. पालक एकमेकांच्या मुलांसाठी देणग्या देतात, गरज कोणी पाहत नाही, हे त्यात नावानिशी आलं. पुढच्या वर्षी विधिमंडळाने कायदा कडक केला. आता नातेवाईक किंवा शेजारी नाव सुचवू शकतात, पण निव्वळ त्या सूचनेवर संस्था शिष्यवृत्ती देऊ शकत नाही, अर्जदाराची आर्थिक गरजही विचारात घ्यावी लागते. किती घ्यायची हे मात्र संस्थेवर आहे. वैयक्तिक देणगीदारांच्या पैशातून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची कमाल मर्यादा नाही. कंपन्यांच्या देणग्यांसाठी वेगळं क्रेडिट आहे, त्यातल्या एका प्रकाराला अशी मर्यादा आहे.

आता रकमा. २०२४ साली एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला मूळ क्रेडिट १,४५९ डॉलर आणि ते पूर्ण वापरल्यावर 'प्लस' क्रेडिट आणखी १,४५१, मिळून २,९१० डॉलरपर्यंत होतं. एकट्याला साधारण याच्या निम्मं. दरवर्षी महागाईप्रमाणे आकडा थोडा वाढतो, भरण्याआधी महसूल खात्याच्या पानावर चालू वर्षाचा बघून घ्या. मूळ क्रेडिटला फॉर्म ३२३, प्लसला ३४८. १५ एप्रिलपर्यंत दिलेली देणगी मागच्या वर्षात धरता येते. कर कमी पडला तर उरलेलं क्रेडिट पाच वर्षं पुढे नेता येतं, पण रोख परतावा मिळत नाही.

मी दर सीझनला लायब्ररीत मोफत रिटर्न भरून देणाऱ्यांत बसतो, तिथे लोकांची सगळ्यात जास्त गफलत होते ती इथे. राज्याचा कर सरसकट अडीच टक्के आहे. साधी वजावट असती, तर १०० डॉलर देऊन तुमचे अडीच डॉलर वाचले असते. इथे शंभरचे शंभर वाचतात. त्यामुळेच त्याच रकमेवर फेडरल रिटर्नमध्ये देणगीची वजावट पुन्हा मिळत नाही. आयआरएसने, म्हणजे फेडरल कर खात्याने, २०१९ मध्ये ती वाट बंद केली. म्हणजे राज्याचा कर तुम्हाला भरायचा आहेच. तो राज्याच्या तिजोरीत जाईल की एसटीओकडे, एवढं तुम्ही ठरवता. संस्था स्वतःच्या खर्चाला जास्तीत जास्त दहा टक्के ठेवू शकते, बाकीचा शिष्यवृत्तीत गेला पाहिजे.

द्यावी का, हे मी सांगणार नाही. तो तुमच्या दोघांचा निर्णय.

मेसा_शिक्षिका

हिशेबनीस काकांनी नियम चोख सांगितले. 'द्यावी का' यावर मात्र मला बोलायचं आहे, कारण मी मेसातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते.

सातारकर, तुमच्या बायकोने बरोबर जागी बोट ठेवलंय. सगळा वाद त्याच एका प्रश्नावर उभा आहे: हे पैसे कोणाचे? ॲरिझोनाच्या घटनेत लिहिलंय की सरकारी पैसा खाजगी किंवा धार्मिक शाळांना द्यायचा नाही. १९९७ मध्ये हे क्रेडिट आलं तेव्हा लोक कोर्टात गेले. १९९९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की हा पैसा सरकारच्या हातात कधी आलाच नाही, त्यामुळे तो सरकारी नाही. मग दुसरा एक खटला वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २०११ मध्ये पाच विरुद्ध चार. न्यायमूर्ती केनेडींनी लिहिलं की देणगीदार स्वतःचे पैसे देतो, म्हणून इतर करदात्यांना तक्रार करायचा अधिकारच नाही. न्यायमूर्ती केगन यांनी विरोधात लिहिलं, की सरकारने रोख अनुदान दिलं काय आणि करात सूट दिली काय, तिजोरीला खड्डा सारखाच पडतो.

मध्यंतरी याच राज्यात अपंग आणि फॉस्टर केअरमधल्या मुलांसाठी सरळ सरकारी व्हाउचर आणले होते. ते २००९ मध्ये कोर्टाने रद्द केले, कारण तो पैसा तिजोरीतून निघत होता. म्हणजे सगळ्यात अडचणीतल्या मुलांची थेट मदत घटनेत बसली नाही, आणि चँडलरच्या दोन पगारांच्या घराला मिळणारी आडवाटेची मदत बसली. निकाल वाचले की न्यायाधीशांचा तर्क समजतो. तरी शिक्षिका म्हणून मला हे पटत नाही आणि कधी पटणार नाही.

आता माझ्या वर्गातल्या एका घराचा हिशेब करू. नवरा-बायको मिळून वर्षाला ४०,००० डॉलर, दोन मुलं. २०२४ च्या नियमांनी २९,२०० ची प्रमाणित वजावट जाते, उरतात १०,८००. त्यावर अडीच टक्के म्हणजे २७० डॉलर. दोन मुलांचं प्रत्येकी १०० चं क्रेडिट गेलं की राज्याचा कर राहतो ७०. हे घर जास्तीत जास्त ७० डॉलर कुठे वळवायचे ते ठरवू शकतं. २,९१० वळवायचे तर करपात्र उत्पन्न सुमारे १ लाख १६ हजार हवं. कागदावर हक्क दोघांना आहे, वापरता येतो तो एकालाच.

आणि सरकारी शाळेला द्यायचं क्रेडिटही आहे, ते पत्रात तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. जोडप्याला ४०० डॉलर, एकट्याला २००. बँड, रोबोटिक्स, सहली, खेळ अशा ज्या उपक्रमांना शाळा फी लावते त्यांना ते वापरता येतं. ही मर्यादा कित्येक वर्षं तिथल्या तिथे आहे आणि खाजगीची दरवर्षी वाढते. शिवाय एवढा कर भरणारे पालक शाळेत असतील तरच सहसा शाळेला देणगी येते. माझ्या शाळेत पाचवीची सहल रद्द होते तेव्हा कारण एवढंच असतं.

२०१८ मध्ये आम्ही शिक्षक पगार आणि शाळांच्या निधीसाठी लाल शर्ट घालून कॅपिटॉलवर, म्हणजे विधिमंडळावर, गेलो होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी ईएसए, म्हणजे खाजगी शिक्षणासाठी पालकांना सरकारी पैसे देणारी योजना, सगळ्यांना खुली करायला ६५ टक्क्यांनी नकार दिला. चार वर्षांनी विधिमंडळाने ती खुली केलीच. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण फीनिक्सच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या रूझवेल्ट डिस्ट्रिक्टने पाच शाळा बंद करायचा ठराव केला. जन्मदर उतरलाय, घरभाडी परवडत नाहीत म्हणून कुटुंबं लांब गेली, सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या चार्टर शाळा आहेत, हे सगळं खरं. पण वर्गातली चार मुलं गेली म्हणून शिक्षकाचा पगार, बस आणि एसीचं बिल त्या प्रमाणात घटत नाही. जूनमध्ये इथे एसी बंद ठेवून दाखवा.

तुम्ही वाईट माणसं नाही आहात, तुम्ही प्रश्न विचारलाय हेच पुरेसं आहे. पण 'खिशातून काही जात नाही' हे वाक्य मला सहन होत नाही. कोणाच्या तरी खिशातून जातंच.

टेंपीची_आई

मेसा ताई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजू लिहिते. माझा मुलगा एसटीओच्या शिष्यवृत्तीवर शिकतोय.

त्याला डिसलेक्सिया आहे. दुसरीपर्यंत तो आमच्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत होता. आयईपी, म्हणजे विशेष गरजेच्या मुलासाठी शाळेने आखायचा शिक्षणाचा आराखडा होता, मीटिंगा होत होत्या, कागद उत्तम होते. वाचनाची खास शिक्षिका मात्र वर्षात दोनदा बदलली आणि मधले कित्येक आठवडे ती जागा रिकामीच होती. तिसरीत जायच्या आधी त्याने घरी पुस्तक उघडणं बंद केलं. रोज सकाळी पोट दुखायचं. चार्टर शाळा फुकट असतात, सोडतीत नाव लागलंही, पण तिथला अभ्यासाचा वेग बघून आम्ही मागे फिरलो. आपल्या मराठी ग्रुपमध्ये चार्टर म्हणजे सगळ्याचं उत्तर असं मानतात. ते सगळ्या मुलांचं उत्तर नसतं.

शेवटी एक छोटी कॅथलिक शाळा मिळाली. वर्गात पंधरा मुलं आणि डिसलेक्सियाच्या मुलांना वाचन शिकवायच्या ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीने शिकवणारी एक बाई. पुण्यात आपल्यातली निम्मी मुलं कॉन्व्हेंटमध्ये शिकली, त्यामुळे धर्माचं आम्हाला काही वाटलं नाही. फीचं वाटलं. आमचा एकच पगार, तोही बेताचा. मी एका वेळी अनेक एसटीओंना अर्ज केले, तसं चालतं. दोघांनी उत्पन्नाचे कागद मागितले, एकीने फार काही विचारलं नाही. चेक थेट शाळेच्या नावाने जातो, आपल्या हातात येत नाही. दरवर्षी नवा अर्ज, आणि मे महिना संपेपर्यंत पुढच्या वर्षी किती मिळणार ते कळत नाही. हे माझ्यासाठी फार कठीण आहे.

ईएसएबद्दल कोणी विचारेल म्हणून सांगते. एकाच वेळी ईएसए आणि एसटीओ दोन्ही घेता येत नाहीत. ईएसए घेताना मुलाला सरकारी शाळेत घालणार नाही असं लिहून द्यावं लागतं. आणि कुठल्याही मार्गाने स्वतःहून खाजगीत गेलात, की आयईपीमागचा फेडरल कायद्याचा हक्क तसाच्या तसा सोबत येत नाही. खाजगी शाळा काही पुरवायला बांधील नसते. विशेष गरजेची मुलं असलेल्या पालकांनी हे सही करण्याआधी नीट समजून घ्यावं, शाळेचे लोक आपणहून सांगत नाहीत.

आता तो वाचतो. हळू वाचतो, पण मागच्या रविवारी त्याने आजीला फोनवर अख्खं पान वाचून दाखवलं. ज्याने ते पैसे दिले त्याच्या खिशातून काही गेलं नसेल, तरी माझ्या मुलाला ते मिळाले. ताई, मला सांगा, त्या वर्षी मी कशाची वाट बघायला हवी होती?

मेसा_शिक्षिका

कशाचीच नाही. तुम्ही केलंत तेच मी माझ्या मुलासाठी केलं असतं. ती जागा रिकामी राहिली तो आमच्या व्यवस्थेचा दोष आहे, आणि त्या पगारावर माणूस टिकत नाही म्हणून ती रिकामी राहते.

माझं भांडण तुमच्या मुलाच्या शिष्यवृत्तीशी नाही. भांडण हे आहे, की त्याच पैशाला उत्पन्नाची अट नसल्यामुळे तुमचा अर्ज आणि दोन इंजिनिअरांच्या घराचा अर्ज एकाच गठ्ठ्यात जातो, आणि त्यांना ओळखीतली दहा माणसं नाव सुचवायला मिळतात. सातारकरांनी आरटीईचं उदाहरण दिलंय ना? महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वर्षाला एक लाख रुपये उत्पन्नाची अट आहे. सोडत रखडते, सरकार शाळांचे परताव्याचे पैसे थकवतं, सगळं मान्य. पण जागा कोणासाठी हे कायद्याने आधी ठरवलंय. इथेही एक ओळ घाला: अमुक उत्पन्नाच्या वर शिष्यवृत्ती नाही. मग मी स्वतः १,४५९ डॉलर भरायला तयार आहे.

टेंपीची_आई

त्या ओळीला माझं पूर्ण अनुमोदन. आमच्यासारख्यांना त्याचा फायदाच होईल.

हिशेबनीस

यात आणखी एक येऊ घातलंय. जुलै २०२५ च्या फेडरल कायद्याने देशभरासाठी असंच क्रेडिट आणलंय. १ जानेवारी २०२७ पासून करदात्याला १,७०० डॉलरपर्यंत, फेडरल करातून. राज्याने त्यात सामील व्हायचं ठरवलं तरच तिथल्या संस्थांना हा पैसा मिळतो. त्याच देणगीवर राज्याचं क्रेडिट घेतलं असेल, तर तेवढी रक्कम फेडरल क्रेडिटमधून कमी होते.

पण मेसा ताईंना हवी ती ओळ त्यात आहे. लाभार्थी घराचं उत्पन्न त्या भागातल्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या ३०० टक्क्यांपर्यंतच चालतं. मर्यादा बरीच वर आहे, पण आहे. विशिष्ट मुलासाठी देणगी राखून ठेवायला बंदी आहे. शिवाय सरकारी शाळेतल्या मुलाच्या शिकवणीला, पुस्तकांना, साहित्यालाही ही शिष्यवृत्ती वापरता येते. टेंपीच्या ताईंच्या मुलाला दुसरीत असताना डिस्ट्रिक्टची शाळा न सोडता बाहेरची वाचन-शिक्षिका लावता आली असती, असा तो प्रकार.

ओकोटिलो_सातारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी हा धागा वाचला आणि बराच वेळ बोललो.

सहकाऱ्याला आज नाही म्हणून सांगितलं. कायद्याची सूचना दाखवली, पत्राच्या मागच्या बाजूला होतीच. तो थोडा नाराज झाला, पण त्यानेही पुढचं पाऊल थांबवलंय. मुलीसाठी आम्ही कोणत्याही एसटीओकडे अर्ज करणार नाही. फी आम्हाला परवडते.

देणगीचं असं ठरलं: ४०० डॉलर सरकारी शाळेला, पूर्ण. मूळ क्रेडिटचे पैसे देऊ, पण उत्पन्नाचे कागद मागणाऱ्या संस्थेला आणि कोणाचंही नाव न सुचवता. बायकोचा यालाही अर्धा विरोध आहे. तिचं म्हणणं, तेवढा कर सरळ राज्याला जाऊ दे. मला टेंपीच्या ताईंचा मुलगा डोळ्यांसमोरून जात नाही. प्लस क्रेडिट घेणार नाही, त्यावर दोघांचं एकमत झालं.

टेंपी ताई, कागद मागणाऱ्या त्या दोन संस्थांची नावं व्यनि (खाजगी निरोप) कराल का? आणि मेसा ताई, ते ४०० तुमच्या शाळेला दिले तर चालतील का? आम्ही त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहत नाही.

टेंपीची_आई

व्यनि केलाय. आमच्याकडे कधी जेवायला या, मुलगा तुम्हाला वाचून दाखवेल.

मेसा_शिक्षिका

चालतात. कुठल्याही डिस्ट्रिक्टच्या किंवा चार्टर शाळेला देता येतात, आपलं मूल तिथे असायची गरज नाही. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर टॅक्स क्रेडिटचं पान असतं. तिथे शाळा निवडायची आणि खाली उपक्रम निवडायचा. काहीच निवडलं नाही तर पैसे कुठे वापरायचे ते शाळेची समिती ठरवते. तुम्ही 'सहल' निवडा. पावती जपून ठेवा. फॉर्म ३२२ वर शाळेचा सीटीडीएस क्रमांक लिहावा लागतो, तो पावतीवर नसेल तर महसूल खात्याच्या यादीत सापडतो. शाळेचं नाव व्यनि करते. १५ एप्रिलची मुदत यालाही आहे, पण शक्य असेल तर फेब्रुवारीतच भरा. पाचवीच्या सहलीची बस आम्हाला मार्चमध्ये ठरवावी लागते.